दादासाठी राखलेली शांतता

आमच्या जयपूरच्या घरात सकाळ ठोक्यांनी व्हायची. आम्ही वर राहत होतो आणि खाली, जिन्याच्या तोंडाशीच, बशीरचाचांचं वर्खाचं दुकान होतं. मिठाईवर आणि विड्यावर लावतात तो चांदीचा वर्ख. चांदीचे बारीक तुकडे कातड्याच्या पानांच्या पुडक्यात एकेक करून ठेवायचे, ते पुडकं दगडावर धरायचं आणि जड हातोडीने तासन् तास ठोकत राहायचं. आतली चांदी पसरत पसरत शेवटी इतकी पातळ होते की जवळ शिंकायचीही चोरी. गल्लीत असे ठोकणारे पुष्कळ होते. बाबांची बदली होऊन आम्ही तिथे आलो, तेव्हा आईचं डोकं सारखं दुखायचं म्हणे. पण पुढे तिचं पोळ्या लाटणं त्याच ठोक्यांवर चालायला लागलं, आणि ईदच्या सुटीत गल्ली गप्प झाली की आईच्या पोळ्या बिघडतात, असं बाबा तिला चिडवायचे. आई म्हणायची, "बिघडल्या तर खाऊ नका." बाबा मुकाट्याने खायचे.

बाबा केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीच्या कचेरीत अधिकारी होते. माणूस मायाळू, पण सगळं रीतसर लागायचं. आणखी एक पोळी हवी असली तरी "मंजुरी आहे का?" असं विचारायचे. आई वाईची. तिचा गोडा मसाला वाईहून मावशी पत्र्याच्या डब्यातून पाठवायची, आणि तो संपत आला की आई आमटीत हात आखडता घ्यायची. नारळ मिळायचा तो अर्धा वाळलेला. त्यामुळे आमच्या घरी हळूहळू जयपूर शिरलं: थंडीत बाजरीची भाकरी आणि लाल लसणाची चटणी, श्रावणात पाकातले जाळीदार घेवर, आणि दादाचा जीव की प्राण असलेली कांद्याची कचोरी. बोलण्यातही शिरलं. मी लहानपणी "आई, मतलब मी काय करू?" असं विचारायचे आणि आई कपाळाला हात लावायची. आता मी राहते ते जयपूरच्याच वैशाली नगरात, लेकाच्या फ्लॅटमध्ये. तेव्हा इथे नुसती वाळू आणि काटेरी झुडपं होती. इथे खिडक्या लावल्या की काही म्हणता काही ऐकू येत नाही. सून म्हणते, "आई, किती शांत आहे ना?" मी हो म्हणते. तिला काय सांगायचं.

वसंतादादा माझ्यापेक्षा बराच मोठा. हुशार होता, पण पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणाऱ्या हुशार मुलांसारखा तो नव्हता. त्याचा अभ्यास चालायचा बशीरचाचांच्या दुकानाच्या पायरीवर. चाचांचा मुलगा युसुफ त्याच्याच वर्गात होता. शाळेतून आल्यावर युसुफला दगडासमोर बसावंच लागायचं, कारण घरचा धंदा होता आणि चाचांचा खांदा दुखायला लागला होता. ठोकताना हात गुंतलेले, नजर पुडक्यावर, मोकळे फक्त कान. म्हणून दादा त्याला धडे मोठ्याने वाचून दाखवायचा. शाळेची पुस्तकं हिंदीत, मधले खुलासे दादाचे, आणि ठोका एकदाही चुकायचा नाही. मी पायरीच्या कडेला बसून वर्खाच्या कागदांचे चौकोन लावून द्यायचे, म्हणून मला हे सगळं पाठ आहे.

युसुफभैया काहीही सरळ मान्य करायचा नाही. दादा वाचायचा, "जितना ज़ोर तुम दीवार पर लगाओगे, उतना ही ज़ोर दीवार तुम पर लगाएगी."

"क्यों?" हातोडी चालूच.

"क्यों मतलब? नियम है."

"दीवार को क्या पड़ी है?"

झालं! दादाची दांडी उडायची. तो डोकं खाजवायचा, पान मागे-पुढे करायचा, चिडायचा, "तू ठोक चुपचाप" म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांना गाठून, कुठून कुठून विचारून उत्तर घेऊन यायचा. पायरीवर बसायच्या आधीच सुरुवात, "सुन, दीवार का मैं बताता हूँ." ते सांगताना त्याचा चेहरा असा फुलायचा की मला भिंतीबद्दल काही कळत नसूनही आनंद व्हायचा. चाचा आतून ओरडायचे, "अरे वसंत, इसको इतना मत पढ़ा, कल मुझसे पूछेगा चाँदी पतली क्यों होती है!" आणि युसुफभैया लगेच, "हाँ, क्यों होती है?" दादाला पहिलं यायचं होतं असं मला कधी वाटलं नाही. त्याला उद्या युसुफसमोर तोंडघशी पडायचं नव्हतं. तो पहिला यायचा तो त्याच भरात.

आई दोघांना चहा पाठवायची. युसुफचा कप वेगळा, जिन्यातल्या कोनाड्यात ठेवलेला. हे मी लपवत नाही. तेव्हा आमच्यासारख्या घरांत तसंच होतं, आणि युसुफभैया तो कप स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. म्हणून पुढे जे झालं ते जातिधर्मामुळे झालं असं कुणाला वाटेल. बाबांच्या बाबतीत तरी ते खरं नाही. दादाच्या पायरीवर साक्षात वाईचा भाऊबंद बसला असता तरी बाबांनी त्याला उठवलंच असतं. आईच्या मनाचं मी शपथेवर सांगू शकत नाही.

दादा इंटरच्या परीक्षेत कॉलेजात पहिला आला. युसुफही चांगला पास झाला. चाचांनी परातभर पेढ्यांना स्वतःच्या हाताने वर्ख लावला आणि ते गल्लीभर वाटले. कुणाचा मुलगा पहिला आला हे न कळण्याइतका तो आनंद मिसळलेला होता. पण त्याच आठवड्यात बाबांच्या कचेरीतले मोठे साहेब घरी आले. त्यांचा मुलगा इंजिनिअर झाला होता. चहा पिताना त्यांनी खालच्या ठोक्यांकडे कान देऊन तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची परीक्षा म्हणजे खेळ नाही. मुलाला वातावरण द्या." साहेब गेले, पण 'वातावरण' हा शब्द ठेवून गेले. बाबांनी तो कचेरीतला हुकूम आल्यासारखा अमलात आणला.

आधी बैठकीची खोली रिकामी झाली. तिथे दादाचं टेबल लागलं, खिडकीला वाळ्याचा पडदा आला आणि टिकटिक होते म्हणून घड्याळ स्वयंपाकघरात गेलं. खलबत्ता मागच्या गच्चीवर गेला. फोडणीचा चर्र आवाज होऊ नये म्हणून दार लावून घ्यायची सूचना आईला मिळाली. माझं गाणं बंद, दोरीच्या उड्या बंद. दूधवाल्याने हाक मारायची नाही, कडी हळू वाजवायची. आणि मग एका रविवारी बाबा कोट घालून खाली उतरले. मी त्यांच्यामागे गेले.

बाबांचं हिंदी कचेरीत बरं चालायचं, पण मनातलं बोलायची वेळ आली की त्याच्यात वाई यायची. "बशीरमियाँ, बात ऐसी है, कि वसंता का ये एक साल बहुत महत्त्व का है. मेरे को आपको कहने में बड़ा संकोच होता है..."

चाचांनी त्यांना पुरतं बोलूही दिलं नाही. हातोडी खाली ठेवली आणि उभे राहिले. "बाबूजी, आप शर्मिंदा कर रहे हो. लड़का आपका है तो मोहल्ले का भी है. पत्थर मैं आज ही पीछे साले के अहाते में भिजवा देता हूँ. यहाँ बस बिक्री रहेगी."

"और वो युसुफ का..."

चाचांनी एकदा मुलाकडे पाहिलं. "समझ गया, बाबूजी. ये भी वहीं बैठेगा. इसकी बक-बक में उसका साल नहीं बिगड़ेगा. ज़बान देता हूँ."

 बाबांनी चाचांचे दोन्ही हात धरले. दोन बाप एकमेकांचे हात धरून उभे होते आणि दोघांचेही डोळे भरले होते. एवढ्या मायेने, एवढ्या अदबीने माझ्या भावाचं जग काढून घेतलं गेलं. युसुफभैया मान खाली घालून पुडकं बांधत होता. त्याने त्या दिवशी एकदाही "क्यों" विचारलं नाही.

पुढे गल्लीने तर कमालच केली. चाचांनी शब्द दिला म्हणजे तो सगळ्यांचाच झाला. आसपासच्या ठोकणाऱ्यांनी आपापले दगड आतल्या अंगाला सरकवले. पतंग उडवणारी पोरं आमच्या घराखाली आली की एकमेकांच्या तोंडावर हात ठेवायची. एकदा लग्नाची वरात आली ती आमच्या घरासमोरून बँड बंद करून गेली. नवरदेव घोड्यावर, माणसं चवड्यांवर, आणि कुणीतरी कुजबुजलं, "धीरे, धीरे, इंजीनियर साब पढ़ रहे हैं." मला तेव्हा हसू आलं होतं. दादाला नाही आलं. तो वाळ्याच्या पडद्याआडून पाहत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. परीक्षा व्हायच्या आधीच गल्लीने त्याला इंजिनिअर साहेब करून टाकलं होतं.

मी त्याचं ताट घेऊन खोलीत जायचे. सुरुवातीला पुस्तकाची पानं उलटलेली दिसायची. नंतर तेच पान, सकाळी आणि संध्याकाळी. वाचायला सुरुवात करताना त्याचे ओठ हलायचे, मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटून तो थांबायचा. एकदा त्याने मला म्हटलं, "कुमे, बस जरा. मी वाचतो, तू ऐक." मला काय करायचं ते बरोबर माहीत होतं. त्याने पहिली ओळ वाचली आणि मी म्हणाले, "क्यों?"

दादाने मान वर केली. क्षणभर त्याचे डोळे चमकले. मग त्याने विचारलं, "काय क्यों? तुला यातलं काय पटलं नाही?"

मला काही सांगता येईना. मला तर सगळंच पटत होतं. माझा दादा जे म्हणेल ते मला का पटणार नाही? त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, "जा, खेळ," आणि मग आठवून म्हणाला, "हळू खेळ."

त्याने बाबांना एकदाच विचारलं. जेवताना, ताटाकडे बघत. "बाबा, युसुफ संध्याकाळी थोडा वेळ वर आला तर चालेल?"

"परीक्षा झाली की ये म्हणावं, आठ दिवस राहायला ये," बाबा प्रेमाने म्हणाले. "आत्ता त्याच्यापायी तुझा वेळ जातो रे. त्याला शिकवत बसलास तर तू कधी शिकणार?"

दादाने पुढचा घास घेतला. आमच्या घरात उलटून बोलायची पद्धत नव्हती, आणि बाबांचं म्हणणं शहाणपणाचंच होतं. मी पुढे जन्मभर मुलींना गणित शिकवलं. पालक यायचे आणि सांगायचे, बाई, आम्ही तिला वेगळी खोली दिली आहे, टेबल दिलं आहे, घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मी त्यांना विचारायचे, "तिच्याशी भांडणारं कुणी आहे का?" ते माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहायचे. मी स्वतः शिकले ती स्वयंपाकघरात, घड्याळ आणि आईची बडबड यांच्यामध्ये. माझ्याकडून कुणाला काही नको होतं, म्हणून माझ्याभोवतीचं काही कुणी आवरलं नाही. दादाच्या वाट्याला आलेलं प्रेम माझ्या वाट्याला आलं असतं, तर मीही बुडालेच असते.

परीक्षेच्या सकाळी आईने त्याच्या हातावर दही घातलं. गल्ली दुतर्फा उभी होती, आणि त्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून सगळे नुसते हात जोडून उभे. दादा त्या रांगांमधून मान खाली घालून गेला. युसुफभैया दिसला नाही. आल्यावर दादाने "ठीक गेला" एवढंच सांगितलं. रोज तेवढंच सांगितलं.

निकाल वर्तमानपत्रात आला. बाबांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग वर्तमानपत्राची नीट घडी घातली आणि आईला म्हणाले, "पाणी दे." दादा दारात उभा होता. त्याने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मला त्या दिवसाचं सगळ्यात जास्त दुःख कशाचं असेल तर गल्लीचं. एरवी कुणाची म्हैस आटली तरी चार माणसं विचारपूस करायला यायची. पण आमच्या घरासमोर गप्प राहायची त्यांना इतकी सवय झाली होती की त्या दिवशीही कुणी बोललं नाही. दादा खाली उतरला, कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला. लोक बाजूला झाले, वाट दिली, नजर खाली घातली. त्यांना वाटलं, मुलाला त्रास नको. एकानेही त्याच्या पाठीत धपका घालून शिवी हासडली नाही, की "फिर से बैठ जाना, यार" म्हटलं नाही. माझा वीस वर्षांचाही न झालेला भाऊ भर वस्तीत एकटा चालून आला.

बाबा मूर्ख नव्हते. चार दिवस ते नीट जेवले नाहीत, आणि मग पुन्हा कोट घालून खाली उतरले. या वेळी मला त्यांनी मागे येऊ दिलं नाही. संध्याकाळी युसुफभैया वर आला. प्रथमच आमच्या बैठकीत आला. धुतलेला सदरा, तेल लावून बसवलेले केस, कुणाच्या घरी मुलगी बघायला आल्यासारखा. आईने दोघांसाठी सारखेच कप भरले, हे मी पाहिलं. बाबा दाराबाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले, वर्तमानपत्र उघडून, एकही पान न उलटता.

दादाने पुस्तक उघडलं. घसा साफ करून एक ओळ वाचली आणि थांबला.

"हाँ, समझ गया," युसुफभैया म्हणाला.

दादाने पुढची ओळ वाचली. पुन्हा थांबला. मी पडद्याशी उभी होते. बाहेर बाबांची खुर्चीही करकरली नाही.

"समझ गया," युसुफभैया अदबीने म्हणाला. त्याने कॉलेज केव्हाच सोडलं होतं. वर्षभर मामाच्या मागच्या आवारात तो बाकीच्या कारागिरांबरोबर बसला होता, तिथे कुणी कुणाला काही वाचून दाखवत नव्हतं. त्याच्या बापाने दिलेला शब्द त्याने पाळला होता, आणि पाळता पाळता त्याच्यातला विचारणारा मुलगा कुठेतरी संपला होता. आता त्याला बोलावून आणलं होतं ते मित्राचं भलं करायला, आणि भल्या माणसाने मोठ्या घरात बसून वाद घालायचा नसतो.

दादाने पुस्तक मिटलं. दोघांनी चहा प्यायला. चाचांच्या खांद्याचं बोलले, उन्हाळ्याचं बोलले. एकदा दोघे सायकलवरून गावाबाहेर कानोत्याच्या धरणावर गेले होते आणि येताना चाक पंक्चर झालं होतं, ते आठवून हसलेही. मग युसुफभैया उठला. सवयीने कप विसळायला निघाला तेव्हा आईने तो त्याच्या हातातून काढून घेतला. तो गेल्यावर बाबा आत आले आणि काहीतरी विचारणार होते, पण दादाचा चेहरा बघून त्यांनी दिव्याची वात उगाचच वर-खाली केली.

काही महिन्यांनी सांभरला मिठाच्या आगरावर कारकुनाची एक जागा निघाली. दादाने कुणाला न सांगता अर्ज केला आणि जागा मिळाल्यावर पानावर बसला असताना सांगितलं. आईचा वाढता हात तिथेच थांबला. दादा पुढे सांभरलाच राहिला, निवृत्त होईपर्यंत. लग्न केलं नाही. मी एकदा त्याच्याकडे गेले होते. चहूकडे पांढरं सपाट मीठ, मैलोगणती चिटपाखरू नाही, आणि माझा भाऊ वेळच्या वेळी काम करणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा चांगला माणूस. त्याच्या खोलीत एकही पुस्तक नव्हतं. परतताना गाडीत मी इतकी रडले की समोरच्या बाईने मला पाणी दिलं आणि विचारलं, "कौन गुज़र गया, बहनजी?"

पण ते पुढचं. ज्या सकाळी तो निघाला, त्या सकाळी ट्रंक जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवली होती आणि खाली टांगा उभा होता. बाबा आदल्या दिवसापासून काहीतरी बोलायचं जुळवत होते.

"हे तात्पुरतं समज," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बस. तिथे निवांतपणाही मिळेल."

"कुणासाठी बसू, बाबा?" दादाने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता.

"कुणासाठी म्हणजे? अरे, स्वतःसाठी!"

दादाने ट्रंकेची कडी एकदा ओढून पाहिली. "तेवढं पुरत नाही हो मला," तो म्हणाला, आणि नमस्कार करायला वाकला.

आमच्या घरात नमस्कार केला की बाबांचा एकच आशीर्वाद असायचा, "यशस्वी हो." सणाला, वाढदिवसाला, आजारातून उठल्यावरही तोच. बाबांनी दादाच्या डोक्यावर हात ठेवला, तोंड उघडलं आणि त्यांना तो शब्द उच्चारता येईना.  आशीर्वाद मिळाल्याशिवाय उठायचं नाही अशी आम्हाला शिकवण, म्हणून दादाही वाकलेलाच राहिला, वाट बघत. खालून टांगेवाल्याने हाक दिली. तरी बाबांचा हात तसाच, आणि दादा तसाच.

शेवटी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने बाबांचा हात हळूच बाजूला केला आणि स्वतःचा हात दादाच्या पाठीवर ठेवला.

"वेळेवर जेवत जा रे," ती म्हणाली. तेव्हा कुठे दादा सरळ झाला.